२१ जून : कुणीही रस्त्यावर येऊन वाजवावं असा दिवस

मंद्रसप्तक

जागतिक संगीत दिन म्हणून २१ जूनला आपल्याकडे शुभेच्छांचे फोटो फिरतात. त्यामागचा फ्रान्समधला मूळ सण मात्र फार कमी जणांना ठाऊक असतो, म्हणून हा धागा. यंदा २१ तारीख रविवारी येतेय, तेव्हा कुणाला काही करावंसं वाटलं तर हाताशी वेळही आहे.

मी फ्रान्समधल्या ल्यों शहरात राहतो. इथे या दिवसाचं नाव 'फेत द ला म्युझिक'. १९८१मध्ये मितराँ राष्ट्राध्यक्ष झाले, जाक लांग त्यांचे सांस्कृतिक मंत्री झाले आणि लांग यांनी संगीत-नृत्य विभाग मॉरिस फ्लरे यांच्याकडे सोपवला. फ्लरे मूळचे संगीतसमीक्षक. फ्रेंच लोकांच्या सांस्कृतिक सवयींची त्या सुमारास एक पाहणी झाली होती. देशात सुमारे पन्नास लाख लोकांना, आणि तरुणांपैकी तर निम्म्यांना, कुठलं ना कुठलं वाद्य वाजवता येतं असं तिच्यातून दिसलं. मग हे सगळे वाजवतात कुठे? घरात, दार लावून. सरकारचा पैसा आणि लक्ष ऑपेरा, वाद्यवृंद, मोठी सभागृहं यांच्याकडे, आणि हे पन्नास लाख लोक कुणाच्या हिशेबातच नाहीत. 'संगीत सगळीकडे आणि मैफल कुठेच नाही' हे फ्लरे यांचं वाक्य इथे आजही जूनमध्ये हमखास आठवलं जातं.

पहिली खेप २१ जून १९८२ची. लोकांना आवाहन होतं ते फक्त अर्ध्या तासाचं, रात्री साडेआठ ते नऊ. वाद्य घ्या आणि खाली या, एवढंच. कुणी घराबाहेरच पडणार नाही अशी आपल्याला धास्ती होती, असं लांग यांनी नंतर मुलाखतींतून सांगितलंय. लोक आले, आणि नऊ वाजले म्हणून थांबले नाहीत.

तारीख सर्वांत मोठ्या दिवसाची. आमच्याकडे साडेनऊपर्यंत आणि पॅरिसला जवळजवळ दहापर्यंत उजेड असतो. त्याआधी १९७६मध्ये जोएल कोहेन या अमेरिकन संगीतकाराने फ्रेंच रेडिओसाठी काम करताना जून आणि डिसेंबरच्या २१ तारखांना संगीताचा उत्सव करावा अशी कल्पना मांडली होती. दरवर्षीचा नेम मात्र सुरू झाला तो १९८२पासून. १९८५ हे युरोपचं संगीत वर्ष होतं, तेव्हा हा सण सीमा ओलांडून गेला. १९९७ला बुडापेस्टमध्ये सहभागी शहरांनी एक सनद केली. ऐकणाऱ्याला एक पैसा पडता कामा नये, कुठल्याही प्रकारच्या संगीताला मज्जाव नाही, हौशी आणि व्यावसायिक दोघांनाही जागा, हा तिचा गाभा. आज शंभराहून जास्त देशांत हा दिवस कुठल्या ना कुठल्या रूपात होतो.

आता मला खरं काय म्हणायचंय ते. 'फुकट संगीत' म्हटलं की डोळ्यांसमोर येतो मोठा स्टेज आणि समोर गर्दी. तसे कार्यक्रमही होतात, टीव्हीवर दिसतात तेही तेच. पण या दिवसाचं मोल फुकट ऐकायला मिळण्यात नाहीच. ज्याला कुणी कधी स्टेजवर बोलावणार नाही, अशा माणसाला त्या दिवशी रस्त्यावर वाजवायचा हक्क असतो, आणि येणारेजाणारे थांबून त्याचं ऐकतात. मोल आहे ते याचं.

गेल्या जूनमध्ये आम्ही काही मराठी मंडळी इथल्या सोन नदीच्या जवळ एका गल्लीच्या तोंडाशी बसलो होतो. पेटी घडीच्या टेबलावर, तबला खाली सतरंजीवर. आमच्यातल्या एक ताई काळी चारमध्ये, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी 'सा' धरून, गातात. भूप राग चालू असताना एक आजोबा समोर येऊन उभे राहिले, हातात क्लॅरिनेटची पेटी. दोन बंदिशी शांतपणे ऐकल्या आणि मग खुणेनेच विचारलं, येऊ का? त्यांचं वाद्य बी-फ्लॅटचं. काळी चार त्यांना तितकी सोयीची नव्हती. पेटीवाल्याने ताईंकडे पाहिलं, ताईंनी मान हलवली आणि आम्ही एक पूर्ण सूर चढून काळी पाचवर गेलो. काळी पाच म्हणजेच बी-फ्लॅट, त्यांची अगदी मोकळी, घरची पट्टी. पाच स्वर एकदा चढून आणि एकदा उतरून दाखवले, मध्यम-निषाद नाहीत हे हाताने सांगितलं, बस्स. पुढची पंधरा-वीस मिनिटं ते ताईंच्या प्रत्येक आलापामागून असे काही येत राहिले की तबलजीने ठेका धरून डोळेच मिटले. नाव विचारायचंही राहून गेलं. समोरच्या बेकरीवालीने दुकानाचं शटर अर्धं ओढलं होतं, ती तशीच शटरखाली उभी राहून ऐकत होती.

तुम्ही जिथे आहात तिथे काय होतं? आणि आपल्याकडे याच्या जवळ जाणारं काय आहे? लिहा.

---

सायलीची_आई

छान धागा. क्लॅरिनेटवाले आजोबा डोळ्यांसमोर उभे राहिले.

एक शंका. आमच्या संगीत विद्यालयात संगीत दिन १ ऑक्टोबरला असतो. मग नक्की कुठला धरायचा?

---

मंद्रसप्तक

ताई, दोन्ही खरे, पण वेगळे. १ ऑक्टोबरचा आंतरराष्ट्रीय संगीत दिन युनेस्कोशी जोडलेल्या आंतरराष्ट्रीय संगीत परिषदेचा. व्हायोलिनवादक यहुदी मेन्युइन यांच्या पुढाकाराने १९७५ला सुरू झाला. तो संस्था आणि शाळांमधून जास्त साजरा होतो. २१ जूनचा रस्त्यावरचा.

---

हडसनकाठ

न्यूयॉर्कहून. आमच्याकडे २००७पासून 'मेक म्युझिक न्यूयॉर्क' या नावाने होतो. ॲरन फ्रीडमन यांनी सुरू केला. पद्धत मला फार आवडते. जागा देणारे आणि वाजवणारे, दोघंही आपापली नावं नोंदवतात आणि त्यांची गाठ घालून दिली जाते. म्हणजे एखादा केशकर्तनालयवाला म्हणतो, माझ्या दारासमोरचा फुटपाथ घ्या. एखादी शाळकरी मुलगी म्हणते, मी चेलो वाजवते, मला जागा हवी. झालं काम.

शिवाय एकाच वाद्याचे शेकडो लोक एकत्र येऊन वाजवतात असेही कार्यक्रम असतात. गिटार, युकुलेले, माउथ ऑर्गन. नवशिक्यांना चालतंच.

२०१०चा एक कार्यक्रम इथे अजून लोक सांगतात. यानिस झेनाकिस यांची 'पेर्सेफासा' ही १९६९ची रचना आहे, सहा तालवादकांसाठी. वादकांनी श्रोत्यांच्या चहूबाजूंनी उभं राहायचं आणि नाद गोल फिरवत न्यायचा अशी तिची मांडणी. ती त्यांनी केली सेंट्रल पार्कच्या तळ्यावर. वादक चारी अंगांनी आणि श्रोते मधोमध, वल्ह्यांच्या होड्यांमध्ये. एरवी अशा संगीताला मोजके जाणकार जातात. तिथे सहज फिरायला आलेली कुटुंबं होडीत बसून ऐकत होती. आधुनिक पाश्चात्त्य संगीत कळत नाही म्हणणाऱ्यांनी ते आधी अशा मोकळ्या जागेत ऐकावं असं मला मनापासून वाटतं. सभागृहात माणूस आपल्याला कळतंय की नाही याचंच दडपण घेऊन बसतो.

---

ठेकेदार_तबलजी

धाग्याचा विषय चांगला आहे, पण धंद्यात असलेल्या माणसाची बाजूही मांडतो.

मी पुण्यात तबल्याची साथ करतो, शिकवण्या घेतो. 'सर्वांसाठी विनामूल्य' हे शब्द वाचले की आमच्या पोटात गोळा येतो. कारण विनामूल्य म्हणजे मांडववाल्याला पैसे, साउंडवाल्याला पैसे, फुलवाल्याला पैसे, आणि वादकाला नारळ. एका आयोजकांनी माझं ठरलेलं मानधन कार्यक्रम झाल्यावर दिलंच नाही. वर सांगितलं की एवढ्या लोकांनी तुम्हाला ऐकलं, हे काय कमी आहे का! रिक्षाचे पैसेसुद्धा मी घरून भरले. अशा वेळी संगीत फुकट असावं या विचाराचं कौतुक मला जड जातं.

---

मंद्रसप्तक

दादा, तुमचा मुद्दा शंभर टक्के मान्य. तुमचे पैसे बुडवले ते चुकीचंच झालं. आणि म्हणूनच फरक नीट सांगायला हवा. सनदेत फुकट आहे ते ऐकणाऱ्याला. जो संगीतावर पोट भरतो त्याने फुकट वाजवावं असं कुणी म्हणू शकत नाही. नगरपालिकेने किंवा कॅफेने व्यावसायिकाला बोलावलं तर त्याचं मानधन त्यांनीच द्यायचं. स्वतःच्या आनंदासाठी कोपऱ्यावर उभा राहिलेला हौशी वेगळा.

आणखी एक. फ्रान्समध्ये हा सण उभा राहू शकतो कारण कलाकाराला वर्षभर आधार आहे. बारा महिन्यांत ५०७ तासांचं काम दाखवलं की मधल्या बिनकामाच्या दिवसांत त्याला बेकारी भत्ता मिळतो. त्या व्यवस्थेवरून इथेही सारखी भांडणं होतात, पण ती आहे. वर्षाचे ३६४ दिवस ज्याच्या पोटाची काळजी घेतली जाते, तो एक दिवस हसत रस्त्यावर येतो. आपण नुसता तो एक दिवस उचलून आणला तर तुम्ही म्हणता तेच होईल.

---

ठेकेदार_तबलजी

हे पटलं. हे ५०७ तासांचं माहीत नव्हतं. आपल्याकडच्या साथीदारांना असं काही मिळालं असतं तर कितीतरी चांगली माणसं हा धंदा सोडून गेली नसती.

---

तंतुवाद्य

मी मिरजेचा. आमच्याकडे मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात संगीत सभा होते. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ १९३७ साली गेले, त्यांची कबर याच दर्ग्याच्या आवारात आहे. तिथल्या चिंचेच्या झाडाखाली बसून गायची परंपरा त्यांच्यापासूनची. कलाकार हजेरी लावतो म्हणतात. दर्ग्यापुढे सेवा म्हणून गायचं, बिदागीचा विषय नाही. तिकीट नाही, पास नाही, राखीव खुर्च्या नाहीत. सतारमेकर गल्लीतला कारागीर, भाजीवाली, बाहेरगावचा जाणकार, सगळे एकाच ठिकाणी मांडी घालून.

तबलजी, तुमच्या मुद्द्याला धरून सांगतो. इथे मोठमोठे गवई बिनपैशाचे गायले, कारण बोलावणं आयोजकाचं नव्हतं, गायची इच्छा त्यांची स्वतःची होती. 'या, तुम्हाला प्रसिद्धी मिळेल' आणि 'मला इथे गायचंय' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

श्रोत्यांबद्दलही लिहितो. इथे तंबोरा जुळवताना जवारी, म्हणजे तारेचा झणकार, कशी लागली हे ऐकणारेच निम्मे, कारण भोपळा पंढरपूरकडून कसा येतो, कसा वाळवतात, घोडीवर तारेखाली दोरा कुठे सरकवला की तार बोलते, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं असतं. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं याचा आनंद आहेच. त्या कारागिरांनी तयार केलेलं वाद्य त्यांना स्वतःला फुकट ऐकता येतं अशी ही जागा टिकली, याचा आनंद मला जास्त वाटतो.

---

झुआरीकाठ

तंतुवाद्य, तुमचं वाचून गोव्यातलं वास्को आठवलं. आमचा श्री दामोदर भजनी सप्ताह श्रावणात नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी बसतो. नाव सप्ताह, पण अखंड भजन असतं ते चोवीस तासांचं. एका भजनी मंडळाचे टाळ थांबायच्या आत दुसऱ्याने उचलायचे. वेगवेगळ्या समाजांचे 'पार', म्हणजे मिरवणुका, येतात आणि त्यांच्या बैठकींत नामवंत गवई गातात. रस्त्यात उभं राहून, बाजूला फेरीतली खेळणी आणि खाजं, आणि कानावर अभंग. माझ्या आईने कितीतरी मोठे गायक आयुष्यात पहिल्यांदा असेच ऐकले. मैफलीचं तिकीट काढून जाणं त्या काळी आमच्या घरात कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

पण खरं सांगायचं तर मंद्रसप्तक म्हणतात ते यात पूर्ण नाही. भजनी मंडळात कुणालाही जागा आहे, गळा कसाही असो. मात्र सगळं देवाच्या निमित्ताने. मला समजा ट्रम्पेट वाजवायचाय, किंवा माझा मुलगा रॅप करतो, त्याला कुठे जागा? ती फ्रान्सच्या दिवसात आहे. 'कुठल्याही प्रकारचं' हा शब्द मोठा आहे.

---

रू_द_रिव्होली

पॅरिसमध्ये बरीच वर्षं काढलीत, म्हणून दुसरी बाजू. हा दिवस मला प्रिय आहे, आणि त्याचं काय होत चाललंय याचं वाईटही वाटतं.

संध्याकाळी सहा-सात वाजता बाहेर पडलात तर स्वर्ग. चर्चच्या पायऱ्यांवर वृद्धांचा गायनवृंद, पुढच्या चौकात शाळेचा पितळी वाद्यांचा बँड, त्याच्यापुढे सेनेगलचे ड्रम. रात्री अकरानंतर मात्र अनेक भागांत उरतो तो फक्त डीजे आणि दारू. बारवाले दारात मोठाले स्पीकर लावतात आणि शेजारच्या कोपऱ्यावरच्या गिटारवाल्या पोराचा आवाज त्यालाच ऐकू येत नाही. इलेक्ट्रॉनिक संगीताला माझा विरोध नाही. २०१८ला तर खुद्द राष्ट्राध्यक्षांच्या एलिझे प्रासादाच्या अंगणात त्याचा कार्यक्रम झाला. भांडण आहे ते आवाजाशी. ज्याच्याकडे मोठा ॲम्प्लिफायर, रस्ता त्याचा, असं झालं की हौशी माणूस घरी परत जातो.

आणि काही गोष्टी फार दुःखद. २०१९ला नांत शहरात लॉयर नदीच्या धक्क्यावर पहाटे संगीत थांबवण्यासाठी पोलिसांनी कारवाई केली, त्या गोंधळात एक तरुण मुलगा नदीत बुडून गेला. गेल्या वर्षी, २०२५ला, देशभरातून शंभराहून जास्त जणांनी गर्दीत सुई टोचल्याच्या तक्रारी केल्या. त्यात मुलीच जास्त. माझ्या ओळखीतल्या मुलींच्या आया यंदा त्यांना पाठवायला कचरताहेत. मोकळ्या रस्त्यावरचा सण म्हणजे त्यात बाईमाणसाला निर्धास्त उभं राहता आलं पाहिजे. ते नसेल तर 'सर्वांसाठी' हा शब्द खोटा ठरतो.

---

स्प्रीवरून

बर्लिनमध्ये हा दिवस १९९५पासून होतो आणि इथे रस्त्यावरच्या मैफलींची वेळ ठरलेली, दुपारी चार ते रात्री दहा. दहाला बाहेरचं संगीत बंद, पुढचं हवं त्यांनी आत जाऊन करावं. त्यामुळे लहान मुलं, म्हातारी माणसं भरपूर दिसतात. पॅरिसवाल्यांना हा जाच वाटतो, पण रू_द_रिव्होली म्हणतात त्या तक्रारींवरचा अर्धा उपाय यात आहे असं माझं मत.

---

भिडेवाडा_ते_बाणेर

पुण्यातून. मी यंदा खरंच काहीतरी करायचा विचार करतेय, म्हणून आधी अडचणी मांडते.

१) पाऊस. त्यांचा सर्वांत मोठा दिवस म्हणजे आमचा नुकता लागलेला पावसाळा.
२) परवानगी. ध्वनिप्रदूषण नियम २०००प्रमाणे लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते आणि उघड्यावर रात्री दहा ते सकाळी सहा बंदी. रुग्णालय, शाळा, न्यायालयाच्या शंभर मीटरच्या आत शांतता क्षेत्र. पण हे सगळं वाचताना लक्षात आलं की लाउडस्पीकरच नसेल तर निम्मी कटकट संपते.
३) २१ जूनच्या सकाळी योग दिन. शाळांची मैदानं, उद्यानं तिकडे गुंतलेली. म्हणून संध्याकाळच बरी.

वारीचाही विचार केला. २०२५ला २१ जूनला दोन्ही पालख्या पुण्यातच मुक्कामाला होत्या. त्या दिवशी शहरात टाळ-मृदंगाशिवाय दुसरं काही नव्हतंच आणि नको होतं. यंदा अधिक महिन्यामुळे पालख्या जुलैत येतील, तेव्हा ही तारीख मोकळी आहे.

तर बेत असा. आमच्या सोसायटीचं पार्किंग वरून झाकलेलं आहे, तीन बाजूंनी उघडं. संध्याकाळी पाच ते आठ. माइक नाही. कुणीही यायचं, प्रत्येकाला दहा मिनिटं. सुरक्षारक्षक काका सुंदर पोवाडे म्हणतात, ते तयार झालेत. तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा बीटबॉक्सिंग करतो, तोंडानेच ड्रमचे आवाज काढतो. स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींना जात्यावरच्या ओव्या येतात, त्या म्हणाल्या, बघू. आग्रह करणार नाहीये, पण फार इच्छा आहे की त्यांनी म्हणाव्यात.

---

कुलाबा_काका

उत्तम. मुंबईत काळा घोडा महोत्सव १९९९पासून विनामूल्य आहे आणि त्यामुळे पुष्कळांनी क्रॉस मैदानात पहिल्यांदा जॅझ आणि कर्नाटक संगीत ऐकलं, हे मी जवळून पाहिलंय. मोठ्या मंचाचंही मोल आहे, ते कमी लेखू नका. मोठा कलाकार फुकट ऐकल्याशिवाय पोराला वाद्य धरावंसं वाटणार कसं? पण पार्किंगमधला मंच मुंबईत मला अजून दिसलेला नाही. आमच्या चाळीतल्या गणेशोत्सवात होता, रहिवासी गायचे, पेटी खालच्या मजल्यावरच्या मास्तरांची. नंतर ऑर्केस्ट्रा बोलवायला लागले आणि रहिवासी खुर्च्यांवर जाऊन बसले.

---

मंद्रसप्तक

काका, तुमचं शेवटचं वाक्य म्हणजे माझ्या सगळ्या लेखाचं सार आहे. मोठ्या मंचाबद्दल तुमचं म्हणणंही मान्य, दोन्ही हवेत.

भिडेवाडा ताई, फार छान बेत. अनुभवातून दोन सूचना करतो. मोठा आवाज शेवटी ठेवा. बीटबॉक्सिंगनंतर लगेच ओव्या आल्या तर कान तयार नसतात, ओव्या आधी घ्या. आणि प्रत्येकाची दहा मिनिटं झाल्यावर पाच मिनिटं रिकामी सोडा, त्या वेळात लोक एकमेकांशी बोलतात, पुढच्या वेळी कुणासोबत वाजवायचं ते ठरतं.

---

ठेकेदार_तबलजी

ताई, बाणेरच्या बाजूलाच असेल तर मी येतो. इथे मीच फुकटच्या विरोधात लिहिलं, पण तंतुवाद्य म्हणाले तसं, मला कुणी बोलावलेलं नाही, मला यायचंय. पोवाड्याला ढोलकी लागेल, ती माझ्याकडे आहे.

फक्त दमट हवेचं सांगून ठेवतो. पावसात पुडी, म्हणजे तबल्याचं कातडं, उतरते. तबला खोळीतून काढून अर्धा तास आधी तिथल्या हवेत ठेवावा लागेल, मग हातोडीने सूर जुळवू. पेटी जमिनीवर ठेवू नका, फरशीची ओल धरली की स्वर चिकटतात. खाली जाड सतरंजी आणि पाट.

---

भिडेवाडा_ते_बाणेर

या, या, नक्की या! पाट आहे, सतरंजीही आहे. पत्ता व्यक्तिगत निरोपातून कळवते. पेटीवर पांढरी दोन ठेवायची की काळी एक, ते रक्षक काकांना उद्या गाऊन दाखवायला सांगते आणि कळवते.